दारावरची लाइन

काकांनी माझ्या हातात बारीक ब्रश दिला तेव्हा मी विचारलं, "काय पुसायचं जी?"

"पुसायचं न्हाई. गंज लावायचा."

मला वाटलं, थट्टा करतात. नववीत शाळा सोडल्यापासून मी जिथे जिथे राबलो तिथे गंज काढायचंच काम मिळालं. जालना एमआयडीसीत सळया ओढणाऱ्या ज्या मिलमध्ये मी आहे, तिथे तर गंजका माल म्हणजे सुपरवायझरच्या शिव्या. आणि इथे पासष्टीचा माणूस कोऱ्या, चकचकीत रुळांना गंज लावायला सांगत होता. तेही खेळण्यातल्या.

मी भंडाऱ्याकडचा. काका-काकूंच्या घरामागच्या खोलीत भाड्याने राहतो. आल्याच्या दुसऱ्याच वर्षी गरम सळईने उजवा पंजा भाजला, तेव्हा तीन आठवडे काकूंनी भाकरी दुधात कुस्करून ताट समोर ठेवलं आणि चमचा माझ्या डाव्या हातात दिला. भाडेकरूसाठी एवढं कोण करतं? तेव्हापासून या घरात मी पावलं जपून टाकतो. आपल्या हातून काही चुकेल आणि हे सगळं एक दिवस बंद होईल, ही धाकधूक असतेच.

काका रेल्वेच्या गँगचे मुकादम होते. जन्मभर रूळ उचलले, खडी ठोकली. त्यांच्या लेकीने पुण्याहून एक खोकं पाठवलं, नातू मोठा झाला म्हणून त्याची विजेवर चालणारी आगगाडी. काकू ती अंगणवाडीत देणार होत्या. काकांनी खोकं उघडलं, रुळाचा तुकडा डोळ्याशी धरला आणि म्हणाले, "हा रूळ हाय का चमचा? खाली खडी न्हाई, सांधा न्हाई. गाडी काय हवेत चालती?"

त्या संध्याकाळी माळ्यावरचं जुनं सागवानी दार खाली आलं, दोन ट्रंकांवर आडवं पडलं. त्यावर त्यांनी गोल लाइन मांडली, एक फलाट, आणि बाजूला मालाचे डबे उभे करायला एक आंधळा, पुढे बंद असलेला फाटा. इंजिन कुठल्या देशाचं, रंग कसला, याच्याशी त्यांना काही घेणं नव्हतं. "गाडी कुणाची का असंना, रूळ आपला."

तर गंज. मी विचारलं, किती लावू? ते म्हणाले, असतो तितका. मी अख्खा रूळ तपकिरी करून टाकला. काका हसले. "लेका, ह्याच्यावरून दहा वर्षं गाडी गेली न्हाई वाटतं. माथा पुसून घे. माथ्याला गंज चढत न्हाई, चाक पुसतं त्याला. गंज कुशीला." मग म्हणाले, "जा, खरा रूळ बघून ये."

सुट्टीच्या दिवशी मी रेल्वेच्या फाटकाजवळ जाऊन उकिडवा बसलो आणि रुळाकडे बघत राहिलो. फाटकवाला आला.

"ओ भाऊ, काय हरवलं?"

"काही नाही जी. गंज बघतो."

"गंज?"

"किती आहे ते."

"घरी भांडण झालंय का?" त्याने एकदम मऊ आवाजात विचारलं. "बायकोला फोन लावून देऊ का? पन लाइनीपासून लांब बस, बाबा."

मला हसावं की रडावं कळेना. पण त्या दिवशी मी पाहिलं. रुळाखालचे लाकडी स्लीपर आता नाहीत, सिमेंटचे आहेत. काकांना मात्र लाकडीच हवे होते, राखाडी, चिरलेले. इंजिन थांबतं तिथे मधोमध तेलाचा काळा पट्टा. फलाटालगत चुन्याची पांढरी पूड. हे सगळं आम्ही केलं. स्लीपरवर सुईने चिरा ओढल्या. काकांनी करवतीच्या पात्याने रुळाच्या माथ्याला ठरावीक अंतरावर खाचा पाडल्या, गाडी खट-खट वाजावी म्हणून. "सांध्याबिगर गाडी मुकी," म्हणाले. मी मान हलवली. नवी वस्तू जुनी करायची, साफ ती मळवायची, धड ती कापायची. काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मला काय विचारतो? मी चाळीस वर्षं त्येंचे तेलाचे कपडे धुतले. आता घरातच तेल सांडून राह्यले."

खडीपाशी मात्र गाडं अडलं. नदीची वाळू चहाच्या गाळणीने चाळली, तर पिवळी पडली. दगड फोडणाऱ्या क्रशरवरची कच आणली, तर काका म्हणाले, "पिठूळ वाटती. आमची खडी काळी, धारेची." आठवडाभर ते चिडून होते. आणि मला सुचलं. तापलेली सळई रोलरमधून निघते तेव्हा तिच्यावरून काळी खपली झडते. यंत्राखाली वाळूसारखी साचते, निळसर काळी, धारदार. सुपरवायझरला विचारून एक डबाभर उचलली. गेटवरचा वॉचमन हसला, "माती नेतो का घरी?" खलबत्त्यात कुटली, चाळली. काकांनी चिमूट तळहातावर घेतली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"कुठून आणली?"

"आहे एक ठिकाण जी," मी म्हणालो. मला तेवढं गुपित ठेवायचं होतं. या घराला द्यायला माझ्याकडे पहिल्यांदाच काही होतं.

महिनाभर रोज थोडी थोडी, पातळ केलेला पांढरा डिंक टाकून आम्ही ती गोलभर बसवली. दरम्यान काकांच्या जुन्या जोडीदाराचा फोन आला. तो चावीवाला, रोज लाइन पायी चालत रूळ धरणाऱ्या ढिल्या चाव्या हातोड्याने ठोकायचा. केदारखेड्याला राहतो, पण सोमवारी मुलगा त्याला कायमचा सुरतेला नेणार होता.

"म्हातारपनी बाहुला-बाहुली खेळून राह्यला म्हनं?" फोनवरचा आवाज मलाही ऐकू आला.

"रविवारी अकराला ये," काका म्हणाले. "सांधा वाजला न्हाई तर मला मुकादम म्हनू नको."

शनिवारी दुपारी काकांनी बटण फिरवलं. इंजिन निघालं, फलाट ओलांडला, वळणावर कण्हलं आणि थांबलं. ढकललं, वीतभर गेलं, पुन्हा थांबलं. काका रुळाला गाल लावून बघत होते. मग खुर्चीत बसले आणि आपल्या हाताकडे बघत म्हणाले, "मीच खाचा जास्त खोल मारल्या. हात थरथरतो आता. त्याला फोन लाव, येऊ नको म्हन."

फोन शोधायचं सोडून मी इंजिन उचललं. उलटं केलं. पोटाखाली काळे केस उभे होते, बारीक, ताठ. आतल्या मोटरच्या चुंबकाने खडी ओढून घेतली होती. दातेरी चाकात ती गच्च भरलेली. मिलमध्ये क्रेनला लोंबणारं चुंबक भंगार उचलतं, ते मी रोज बघतो. खपली म्हणजे लोखंडच. हे मला महिनाभर कसं सुचलं नाही, ते अजून समजत नाही.

गप्प बसलो असतो तर चूक त्यांच्या हाताची ठरली असती. "काका, खाचा नाही जी. खडी माझी. मिलची आहे. लोखंड आहे ती," मी म्हणालो, आणि इंजिन त्यांच्यापुढे धरलं.

त्यांनी ते केस बोटाने चाचपले. मी डोक्यात माझी ट्रंक भरत होतो.

"मंग उखड," ते म्हणाले.

"जी?"

"उद्या अकराला गाडी हाय. आतापासून लाइन बंद, ब्लॉक घेतला. जल्दी उखड."

काकूंनी गरम पाणी आणलं. डिंक सैल करायचा, चमच्याने खरडायचं, दात घासायच्या ब्रशने साफ करायचं, शेवटी जुन्या रेडिओतलं चुंबक फिरवून कण उचलायचे. आणि मागून क्रशरची कच भरायची. पिठूळ तर पिठूळ. इंजिनाच्या पोटातले केस काकांनी चिमट्याने उपटले. "काल चिटकवून राह्यले, आज खरडून राह्यले," काकू म्हणत होत्या, पण पाणी तापवत होत्या. काकांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. सुपरवायझर ओरडतो तेव्हा आपण कुठे उभे आहोत ते निदान कळतं.

रविवारी अकरापर्यंत अख्खी लाइन काही भरून झाली नाही. वळणाजवळ हातभर स्लीपर उघडे होते. आंधळ्या फाट्यावरची काळी खडी मात्र तशीच राहिली; तिथे इंजिन जातच नाही, म्हणून काकांनी खरडू दिली नाही.

चावीवाले बाबा आले. पाणीही न पिता आडव्या दाराशेजारी उकिडवे बसले आणि लाइनीवरून नजर फिरवत गेले. वळणापाशी थांबले.

"इथली खडी कुठं गेली?"

मी भिंतीला टेकलो. काका म्हणाले, "चाळणी चालू हाय. खडी खराब निघाली."

"काम चालू हाय?" बाबांचा आवाज चढला. "मंग पाटी कुठंय? काम चालू असलेल्या लाइनीवर गाडी अशीच सोडनार? आन म्हनं मुकादम!"

काकांनी खरंच जीभ चावली. काड्यापेटीचा पुठ्ठा कापला, त्याला हळद फासली, वर वेगमर्यादेचा वीसचा आकडा काढला आणि वळणाच्या अलीकडे रोवला. बाबांचं समाधान झालं नाही.

"अन् झेंडीला मानूस?"

दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. काकूंनी जुन्या लुगड्याचं हिरवं चिरगूट आणून दिलं. मी वळणापाशी जाऊन उभा राहिलो, चिरगूट धरून. हे दोघं मला हसतात, शिक्षा देतात, की खरंच कामाला लावतात, माझ्या लक्षात येईना.

काकांनी बटण अगदी थोडं फिरवलं. इंजिन हळूच आलं. उघड्या स्लीपरांवरून गेलं. खट. बऱ्याच वेळाने, खट. बाबांनी डोळे मिटून घेतले होते आणि बोटाने गुडघ्यावर सांधे मोजत होते.

गाडी पुढे गेली, फलाट ओलांडून पुन्हा वळणाकडे आली. झेंडी खाली कधी करायची, हे मला कुणी सांगितलं नाही. मी उभाच होतो.