पायथ्याचा बोल्ट

मेणबत्तीचा वास आला की मला दिल्लीतल्या आमच्या सरकारी क्वार्टरमधला लाकडी पलंग आठवतो. बाबा ऑपरेशन होऊन नुकतेच घरी आले होते. पलंग इतका कुरकुरायचा, की आमची झोप मोडू नये म्हणून ते कूसच बदलायचे नाहीत, रात्रभर फळीसारखे पडून राहायचे. हे आईच्या लक्षात आलं आणि तिनं पदर खोचला. "रहने दो, सुतार बघेल," बाबा म्हणाले. "बिल्कुल नाही! तो आज येतो, उद्या येतो करत बसेल," म्हणत तिनं त्यांना खुर्चीत बसवलं, गादी माझ्याकडे दिली, शेजारच्या सरदारजींकडून पाना आणला आणि भर उन्हाळ्यातल्या दुपारी, कूलरच्या ओल्या खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, वासात, सगळे बोल्ट घट्ट कसले. तरी कुरकुर जाईना. मग अख्खा पलंग सुटा केला, दिवाळीतल्या उरलेल्या मेणबत्त्या काढल्या, एकेका सांध्यात घासघासून मेण भरलं, पुन्हा सगळं जोडलं आणि स्वतः वर चढून दणादण हलून पाहिलं. पलंग मुका! त्या रात्री बाबा बिनघोर झोपले. सकाळी आईचे डोळे मात्र लाल. "आवाजच नाही, तर हे हललेत की नाही मला कळणार कसं?" असं पुटपुटत, पाना परत देण्याआधी तिनं पायथ्याचा एक बोल्ट हळूच सैल केला. आता गाझियाबादला माझ्या घरी त्याच पलंगावर ती एकटी झोपते. माझा मुलगा म्हणतो, "चलो, तो बोल्ट कसून टाकतो." मी पाना लपवून ठेवलाय.