बोलीवरचा विश्वास

भुईगावात अनोळखी माणसाला आधी विचारतात, तू कोणाचा. सायबर कॅफेत चॅटवर भेटलेल्या मुलाला मीही तेच विचारलं. तो नाव सांगेना, म्हणून आमच्या घरच्या बोलीत लिहून पाहिलं. त्याने त्याच बोलीत चोख उत्तर दिलं. बाहेरच्याला ती येतच नाही, त्यामुळे मी मूर्खासारखी निर्धास्त झाले. ठरलेलं लग्न मला नको, नोकरी धरून एकटी राहणार, हे घरात कोणाला न सांगितलेलं त्याला सांगून बसले.

रविवारी मिस्सा झाल्यावर चर्चच्या आवारातच आई म्हणाली, "एकटी राहणार आहेस म्हणे."

त्याच महिन्यात माझं लग्न लावून दिलं. त्या मुलाला मला खोटारडाही म्हणता येत नाही. तो आमच्यातलाच होता, आणि मी तेवढंच तपासलं होतं.