युकॉनच्या रस्त्यावर मागून येणारी गाडी

यांच्या आजारपणानंतर माझा कशावरच विश्वास उरला नव्हता. सिंगापुरात, बिशानमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये रोज संध्याकाळी दत्तमहाराजांपुढे दिवा लागायचा, तोंडाने नाम चालू असायचं, पण मन मात्र खोट शोधत असायचं. आता सगळं ठीक आहे असं डॉक्टर म्हणाले, तर मला वाटलं, हे काहीतरी लपवताहेत. अशात यांनी कॅनडाच्या अगदी उत्तरेला, युकॉनला जायचं काढलं. कॅरिबू, म्हणजे तिकडची मोठ्या शिंगांची रानहरणं, यांना कळपाने फिरताना बघायची होती. मी नाहीच म्हणत होते. "गो लाह, आई. बाबा सो हॅपी," लेक तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, आणि मी निघाले.

तिकडे उन्हाळ्यात दिवस मावळायचं नावच घेत नाही. खडीचा रस्ता, दोन्ही बाजूंना उघडे डोंगर, खुरटी झुडपं, मधूनच जांभळ्या फुलांचा पट्टा, आणि माणूस म्हणून नाही. सिंगापुरात लिफ्टमध्येसुद्धा कुणीतरी सोबत असतं. एवढी मोकळी जागा मला सोसवेना. त्यात मागे एक जुनी, धुळीने माखलेली गाडी दिसू लागली. आम्ही थांबलो की तीही लांबवर थांबे, आम्ही निघालो की निघे. आत दाढीवाला एकटा माणूस.

"अहो, तो आपल्या मागावर आहे."

"अगं, आपल्यासारखाच फिरायला आला असेल."

"फिरायला आलेला माणूस डोंगर बघतो. तो आपल्याकडे बघतोय."

पुढे एका नदीपाशी यांना पलीकडच्या काठावर कॅरिबू दिसले. कॅमेरा घेऊन हे झुडपांतून खाली चालू लागले. मी दारं लॉक करून बसले. आरशात पाहिलं, तर तो माणूसही उतरला होता. त्याने गाडीतून बंदूक काढली आणि यांच्याच दिशेने झपाझप निघाला. मी काच खाली करून हाका मारल्या. नदीच्या आवाजात त्या विरून गेल्या. 'महाराज, यांना सांभाळा,' एवढंच म्हटलं, आणि वाकून हॉर्नवर हात दाबून धरला.

यांच्या पुढ्यातली झुडपं हलली. त्यांतून एक तपकिरी अस्वल मागच्या पायांवर उभं राहिलं, यांच्याहून कितीतरी उंच. हे जागीच थिजले. माझा हात हॉर्नवरून निघेना. अस्वलाने आवाजाकडे तोंड वळवलं, हवा हुंगली, आणि वळून काठाकाठाने निघून गेलं. तोवर तो माणूस यांच्यापाशी पोचला होता. दंडाला धरून, मागे नजर ठेवत, त्याने यांना हळूहळू वर आणलं.

"चढावरून मला अस्वलाची पाठ दिसली, म्हणून बंदूक घेऊन निघालो," तो इंग्रजीत म्हणाला. "तुम्हालाही दिसलं आणि हॉर्न वाजवलात, फार बरं केलंत."

"मला अस्वल दिसलंच नव्हतं," मी म्हटलं. "मी तुम्हाला घाबरले होते. मघापासून आमच्या मागे का येताय?"

तो रागावला नाही, हसला. "बाई, इथे रस्ता एकच आहे. माझं घर पुढे आहे. आणि कुणी थांबलेलं दिसलं की आम्ही थांबतो. गाडी बिघडली असली, तर मागून दुसरं कोण येणार?"

तो गेला. नाव विचारायचंही राहिलं. हे रस्त्याच्या कडेला बसले होते. मी पाठीवरून हात फिरवत राहिले.

महाराजांनीच यांना वाचवलं, असं मी कुणाला पटवायला जात नाही. पण मनात येतं, त्या क्षणी माझ्यापाशी श्रद्धा नव्हतीच, होता तो नुसता संशय. त्यांनी तोच कामाला लावून घेतला. मग मन स्वच्छ होईपर्यंत वाट कशाला बघायची? जे आहे ते, जसं आहे तसं, त्यांच्या पायांशी ठेवावं.

मी उठून त्या रिकाम्या रस्त्याकडे तोंड करून हात जोडले. मागायचं काहीच सुचेना. तशीच उभी राहिले.