पेट्रिशिया आंटी आणि नाल्यावरचा पूल

पेट्रिशिया आंटीला कोणी भित्री म्हटलं तर मी त्याची जीभ हासडेन. आमच्या मरोळच्या गावठाणात दारुड्यांना झाडूने हाकलणारी ही एकटीच. पण नाल्यावरच्या दगडी पुलाचं नाव काढा, तोंड पांढरंफटक!

तो पूल आमच्या पणजोबांनी स्वतः दगड वाहून बांधला, पलीकडच्या शेतातलं भात बैलगाडीने आणायला. शेतं गेली, कारखाने आले. पूल उरला, पलीकडची विहीर उरली. सव्वीस जुलैच्या पुरात आंटीचा भाऊ गिल्बर्ट पुलावर उभा राहून लोकांना हात देत होता. कठड्यासकट वाहून गेला. त्यानंतर आंटीने तिथे पाय ठेवला नाही, आणि कठडाही कोणी बांधला नाही.

यंदा तिच्या टिनाचं लग्न. आदल्या दिवशी बँड लावून विहिरीचं पाणी आणायचं, त्याने नवरीला आंघोळ घालायची, हे आमचं उंबराचं पाणी. हंडा आईच्या डोक्यावर.

"मम्मी, नळाचं चालेल गं," टिना म्हणाली.

"माझ्या पोरीला नळाचं? गप!"

निघालो. बँडवाले पुढे पलीकडे पोचले. आंटीने माझा दंड असा धरला की नखं रुतली. मधोमध तिचे पाय थिजले. मागचे नाचत नाचत आमच्यावर येऊन आदळायला लागले. कडेचा एक दगड सुटला, खाली पडला. आणि कठडा नव्हता तिथेच टिना रेटली गेली होती! आंटी ओरडत होती, "मागे व्हा रे!" बँडच्या आवाजात कोण ऐकतंय?

तिने रिकामा हंडा धाडकन आपटला. बँड थांबला.

"एकेक जण मागे जा. टिना पहिली."

सगळे गेलो. मला वाटलं, आता आंटीही येईल. कसली येते! पोचा आलेला हंडा उचलून ती एकटी विहिरीकडे गेली. भरला हंडा घेऊन परतली ती मोठ्याने रडत, 'नमो मरिये' म्हणत, पाऊल चाचपत. टिना पुढे धावली तशी ओरडली, "तिथेच थांब, नाहीतर तंगडी तोडेन!"

आम्ही श्वास रोखून बघत होतो. ती पोचली. टिना तिच्या गळ्यात पडली. "मम्मी, गेली ना गं भीती?"

आंटी अजून लटलट कापत होती.

"जाते कुठे, मेले! उद्या तुझी पोरं आजोळी येतील, आणि याच पुलावर खेळायला पळतील."