मिरचीच्या बियाण्याची ओळख परेड

पोलिसातल्या नोकरीतल्या कितीतरी केसेस आता धूसर झाल्या, पण देऊळगाव राजाजवळची मिरचीच्या बियाण्याची केस आठवली की अजूनही डोकं तापतं.

तिथे शेडनेटमध्ये कंपन्यांसाठी बियाणं तयार होतं. बायका हाताने फुलांचा संकर करतात आणि झालेल्या फुलाला रंगीत दोरा बांधतात. अशाच एका शेडनेटवाल्या बाईंनी कंपनीने संकरासाठी दिलेल्या मूळ वाणाचं बी चोरल्याची खबर कंपनीच्याच माणसाने दिली. घरझडतीत मडक्यातल्या राखेत बी सापडलं. पंचांसमक्ष सील केलं, गुन्हा नोंदवला. कंपनीने आपल्या प्रयोगशाळेचा अहवालही जोडला : डीएनए जुळतो.

मलाही ते पटलं होतं. जबाब घेताना मी चांगलाच आवाज चढवला. बाईंचं माहेर मोताळ्याकडचं, तिकडची बोली सुटलेली नव्हती.

"साहेब, हे माह्या मायनं देल्लेलं बी हाय. मिरची मिरचीसारखीच दिसन ना! त्याईच्या मिरचीत असं काय हाय, जे दुसऱ्या कोन्याच मिरचीत नाही? ते दाखवा, मंग टाका मले आत."

तो प्रश्न मी जबाबात जसाच्या तसा उतरवून घेतला.

वरून फोन आला, "दोषारोपपत्र पाठवून मोकळे व्हा. बी कंपनीला नष्ट करायला द्या." बाईंकडे तेवढंच बी होतं. ते गेलं असतं तर त्यांच्या आईचा वाणच संपला असता. मी साफ नकार दिला.

विद्यापीठातल्या एका संशोधक मॅडमना अहवाल दाखवला. त्या हसल्याच. "यांनी तपासलेला भाग झाडून साऱ्या मिरच्यांत असतो. चोराला दोन कान होते, हिलाही आहेत, असला हा पुरावा!"

त्यांनी कंपनीच्या वाणाचा आणि मिळतील तेवढ्या इतर मिरच्यांचा संपूर्ण डीएनए संगणकावर ताडून पाहिला. सगळीकडे आढळणारे तुकडे बाद होत होत एकवीस अक्षरांचा एक तुकडा उरला, जो फक्त कंपनीच्या वाणात होता. मग सीलबंद नमुने तपासले. कंपनीच्या बियात तो सापडला, बाईंच्या बियात नाही.

गैरसमजुतीने दाखल झालेला गुन्हा म्हणून मी कोर्टात 'क' समरी, म्हणजे केस बंद करण्याचा अहवाल, पाठवली. कोर्टाने बी परत देण्याचा आदेश दिला, पण बाई ठाण्यात यायला तयार नव्हत्या. "चार लोकाईसमोर नेलं, चार लोकाईसमोरच आनून द्या." मीच गेलो, तेच पंच घेऊन.

सारखं दिसणं हा पुरावा नव्हे, हे मी त्या केसमध्ये शिकलो. एखाद्याचंच असलेलं, दुसऱ्या कोणाचंही नसलेलं काही हाती लागेपर्यंत कोणाकडे बोट दाखवू नये. वरिष्ठांनी माझा खुलासा मागवला, तो मी दोन ओळींत दिला. माफी मात्र बाईंची मागितली, त्यांच्या अंगणात, सगळ्यांसमोर.