खळीचा तंबू

आमचा तंबू गायीने खाल्ला, यात गायीची काही चूक नव्हती.

तेव्हा भिलाईचा कारखाना उभा राहत होता आणि आमचे हे तिथे लोखंडी खांब चढवणाऱ्या टोळीत होते. माझं माहेर देवरीकडे. तिकडे रेल्वे नाही आणि बसमध्ये मला उलट्या होतात. राहिली सायकल. पण वाटेत एक रात्र काढायची, म्हणजे वळकटी, सतरंजी, भांडी आणि वर मी! ह्यांनी सांगून टाकलं, एवढं ओझं वर्षातून एकदाच ओढता येईल, दिवाळीला. मी काही बोलले नाही. (मी कधीच काही बोलत नसे.) त्या दिवशी चुलीचा धूर मात्र डोळ्यांत फार गेला.

मग ह्यांनी एका रशियन साहेबाला पाहिलं. साहेब रविवारी पाठीवर पिशवी लावून रानात निघाला होता आणि त्या पिशवीत त्याचं अख्खं घर होतं, तंबूसकट! घरी येऊन ह्यांनी मला ती पिशवी हातवारे करून समजावली. म्हणाले, "असं हलकं सामान शिवलं, तं सणासणाले नेतो तुले."

मी त्याच दिवशी सुई घेतली. पिशवी गव्हाच्या पोत्याची झाली, तिचे पट्टे ह्यांच्या फाटक्या पँटचे. भांड्यांऐवजी एकच लोटा. तंबू जुन्या धोतराचा. अडलं ते बांबूंवर. बांबू म्हणजे पुन्हा वजन. तेव्हा मला एक युक्ती सुचली, चौथी शिकलेल्या बाईला सुचू नये इतकी मोठी. मी धोतराला तांदळाची घट्ट खळ दिली. एकदा नाही, तीनदा! वाळल्यावर ते अंगणात पत्र्यासारखं आपोआप उभं राहिलं. ह्यांनी बोटाने वाजवूनही पाहिलं.

पुढच्याच सणाला आम्ही माहेरी निघालो. राजनांदगावच्या पुढे, दिवस बुडायच्या आत, एका गावाबाहेर आम्ही तो तंबू मांडला आणि नाल्यावर हातपाय धुवायला गेलो. परतलो तर गावची गुरं घरी चालली होती आणि एक तांबडी गाय आमचं छप्पर चावत होती. भिंती आधीच संपल्या होत्या. ह्यांनी एक टोक धरलं, गायीने दुसरं. गाय जिंकली.

गायीच्या मागून तिची मालकीण आली, एक म्हातारी. तिने उरलेलं टोक हुंगलं आणि भाताचा वास ओळखून छत्तीसगढीत म्हणाली, "गाय के का गलती बेटी, कपडा ले भात के बास आवत हे." मग हसत हसत आम्हाला घरी नेलं, जेवू घातलं, पडवीत झोपवलं आणि दर वेळी इथेच उतरा म्हणून बजावलं.

सकाळी हे चाकात हवा भरत होते. मग म्हणाले, "झालं. आता दिवाळीलेच जाऊ."

म्हणजे पुन्हा वर्षातून एकदाच माहेर. आणि लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्यांना उलट बोलले. "कावून? तंबू गेला, तं वजन कमीच झालं. अन् झोपाले घर भेटलं."

हे इतके हसले की पंप हातातून पडला. "बस माघं. जाऊ सणासणाले."

मी लाजेने लाल होऊन टुणकन कॅरिअरवर बसले. दोन कोस गेल्यावर हे खुशीत म्हणाले, "आज सायकल लईच हलकी चालून राहिली."

तेव्हा माझा हात पाठीकडे गेला. पिशवी म्हातारीच्या खुंटीवरच राहिली होती, आईसाठी घेतलेल्या लुगड्यासकट! सांगायला हवं होतं. पण एका सकाळी नवऱ्याशी दोनदा बोलायचं, एवढी हिंमत कुठून आणू?