वरून दिसणारं खाली

कारखान्याच्या तपासणी खोलीत तिला सगळे मापवाली म्हणत. एकोणीस वर्षं ती तिथे लोखंडाचे तुकडे मोजत होती. मायक्रोमीटर तुकड्याला टेकला, की आकडा वाचायच्या आधीच तिच्या बोटांना कळायचं, हा जाड आहे की बरोबर. तिच्या हातून सुटलेला तुकडा कधी माघारी आला नव्हता. तपासणीच्या कागदावर सही मात्र शेजारच्या टेबलावरची मुलगी करायची. वय तेवीस, हातात डिप्लोमा. सही करणाऱ्याकडे डिप्लोमा हवाच, असा नवा नियम निघाला होता.

"ताई, मोजलंत ना?" मुलगी विचारायची.

"मोजलं."

"मग मी डोळे मिटून करते," म्हणत ती सही ठोकायची. स्वभावाने इतकी गोड, की तिच्यावर धड रागावताही येत नसे.

म्हणून चाळिशी उलटल्यावर मापवालीने तंत्रनिकेतनात नाव घातलं. सकाळची पाळी संपली, की तेलकट हातांनी थेट वर्ग. वर्कशॉपात तिला शिकवण्यासारखं काही नव्हतं, उलट पोरंच आपापला घडवलेला तुकडा घेऊन तिच्याभोवती जमायची, "काकू, माझा जॉब एकदा मापून द्या ना." गणित तिने रडतखडत काढलं. बाकीचे विषयही एकेक करत सुटले. अडकलं ते ड्रॉइंग. दोनदा नापास. पाच वर्षांत सगळे विषय सुटले नाहीत तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, आणि हे पाचवं वर्ष होतं.

नापास होण्याचं कारण सांगायला लाज वाटावी इतकं साधं होतं. एखादी वस्तू समोरून, वरून आणि बाजूने कशी दिसते, याची तीन चित्रं कागदावर काढायची असतात. कारखान्यातल्या ड्रॉइंगमध्ये वरून दिसणारं चित्र वर असायचं आणि उजवीकडून दिसणारं उजवीकडे. कॉलेजात नेमकं उलटं. वरून दिसणारं खाली, उजवीकडून दिसणारं डावीकडे. पेपरात तिचा हात आपसूक कारखान्याच्या वाटेने जायचा. रेघ न् रेघ बरोबर, जागा तेवढी चुकलेली.

"काकू, वरचं खाली काढा हो. एवढंच," ड्रॉइंगचे सर काकुळतीने म्हणाले.

"पण वरून दिसतंय ते खाली का, सर?"

"पद्धत आहे."

"आणि आमच्या कारखान्यात?"

"ती त्यांची पद्धत." सर तिच्याहून दहा वर्षांनी लहान होते आणि तिच्याइतकेच दमलेले. "दोन्ही बरोबर आहेत. मार्क एकालाच मिळतात."

घरी सपाट जागा म्हणजे जेवणाचं टेबल. अर्ध्यावर तिचा कागद चिकटपट्टीने लावलेला, उरलेल्या अर्ध्यावर सासूबाई भाजी निवडत. नवरा बसचा ड्रायव्हर, तो ताट मांडीवर घेऊन जेवायचा आणि कागदाकडे बघून म्हणायचा, "यंदा तरी टेबल मोकळं होऊ दे."

"तू गप जेव," सासूबाई म्हणाल्या. मग सुनेकडे वळून, "नेमकं चुकतं कुठे, ते मला सांग."

तिने सांगितलं. सासूबाईंनी हातातली सुरी खाली ठेवली. "वरचं खाली, उजवं डावीकडे? मग त्यात कठीण काय आहे? या घरात दुसरं काय चालतं?"

त्या दिवसापासून म्हातारीने तिची पाठ सोडली नाही. ती कणीक मळत असली, की सासूबाई पोचा पडलेला साखरेचा डबा उचलून धरायच्या. "वरून दिसलेलं झाकण कुठे?"

"खाली."

"उजवीकडचा पोचा?"

"डावीकडे."

"विचार करून नको सांगूस. विचार केलास की चुकतेस."

तीन महिने हेच. किसणी झाली, इस्त्री झाली, नवऱ्याच्या जेवणाच्या डब्याच्याही तिन्ही बाजू काढून झाल्या. शेवटी शेवटी उत्तर तिच्या तोंडून हात धुतल्यासारखं सहज निघू लागलं. परीक्षेला ती पाळी संपवून गेली तेव्हा पोटऱ्या भरून आल्या होत्या, डोळे मिटत होते. विचार करायला त्राणच नव्हतं. हाताने मुकाट्याने वरचं खाली काढलं.

ती पास झाली. सासूबाईंनी टेबल पुसलं. नवरा टेबलाशी बसून जेवला, पण त्याला चैन पडेना. शेवटी ताट पुन्हा मांडीवर घेतलं.

महिन्याभराने तिला सहीचा अधिकार मिळाला. त्याच दिवशी नव्या जॉबची पेटी आली, दोनशे तुकडे. तिने ड्रॉइंग पाहिलं, तुकडा हातात घेतला. कडेचं भोक डावीकडे हवं होतं, ते उजवीकडे पडलं होतं. आणखी दहा पाहिले. सगळे तसेच. तिने कागदावर लिहिलं, "पूर्ण पेटी परत", आणि खाली आपली पहिली सही केली. अक्षर वळणदार आलं.

पंधरा मिनिटांत भोकं पाडणारा ड्रिलवाला पेटी घेऊन हजर झाला. "मापवाले, दुपारचं जेवण जास्त झालं का? भोक उजवीकडेच आहे की ड्रॉइंगमध्ये!"

"डावीकडे आहे."

"अगं, उजवीकडून दिसणारं उजवीकडे काढलंय. आपल्याकडे कधीपासून उलटं झालं?"

तिने पुन्हा कागद पाहिला. इतकी वर्षं जे न बघता कळत होतं, ते आता बोट ठेवून, मनात म्हणत वाचावं लागलं. भोक उजवीकडेच होतं. तुकडे चोख होते.

"चुकलं माझं," ती म्हणाली. ड्रिलवाला पेटी तिथेच ठेवून गेला.

तपासणीचा कागद फाडायचा नसतो. चूक खोडायची आणि शेजारी दुसऱ्या डिप्लोमावाल्याची सही घ्यायची. आपल्या सहीवर तिने पट्टी ठेवून सरळ रेघ मारली आणि कागद शेजारच्या टेबलावर नेला.

मुलीने पेन उचललं. "ताई, मोजलंत ना?"

"मोजलं. पण आज डोळे उघडून कर."

 मुलीने पेन ठेवलं, पेटीतला तुकडा घेतला, ड्रॉइंगशेजारी धरून सावकाश फिरवला. दुसरा घेतला. तिला वेळ लागत होता. मापवाली स्टूल ओढून तिचं होईपर्यंत शेजारी बसून राहिली.